सिस्टर, माझ्या डोक्यात गाठ तर नसेल ना?

ताई, उत्तर लांबणार आहे, पण एक काम पुढचं वाचायच्याही आधी ठरवून टाका म्हणून तेच पहिलं सांगते. उद्या, फार तर परवा, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांना सांगा की मला थेंब घालून, बाहुली मोठी करून डोळ्याच्या मागची नस तपासून हवीये. चष्म्याचा नंबर काढायला जायचं नाहीये, आणि चष्म्याच्या दुकानात तर नाहीच नाही. डोळ्यांचे डॉक्टरच. आणि येताना स्कूटी चालवू नका, थेंबांनी चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, उजेड सहन होत नाही, मिस्टरांना सोबत घ्या.

आता बाकीच्या वाचकांसाठी पत्र थोडक्यात सांगते. ताई सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत, वय ३९, दुसरीचा वर्ग. कॉलेजपासून अर्धशिशीचा त्रास, महिन्यातून एक-दोनदा, पाळीच्या आसपास. पण गेले चार महिने डोकं रोजच दुखतंय, पहाटे पाचला दुखण्यानेच जाग येते, मेडिकलमधून आणलेली दहा गोळ्यांची स्ट्रिप पाच दिवसांत संपते. वर्षभरात आठ किलो वजन वाढलंय. गेल्या वर्षी त्यांचे मामा ब्रेन ट्यूमरने गेले, निदान झाल्यापासून आठ महिन्यांत, आणि मामांचंही सुरुवातीला "नुसतं डोकंच दुखत होतं". मिस्टर म्हणतात टेन्शन घेतेस, सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, आणि ताई रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर ब्रेन ट्यूमरची लक्षणं वाचत बसतात. त्यांनी विचारलंय, मला गाठ असेल का, सरळ एमआरआय करून टाकू का, मामांचं माझ्यात उतरतं का, आणि मोबाईलमुळे गाठ होते का.

ताई, तुम्ही तीन पानं दुखण्यावर लिहिलीत. कुठे दुखतं, किती दुखतं, ठणकतं कसं, सगळं बारकाईने. आणि शेवटच्या पानावर जाता जाता एक ओळ लिहिलीत की हल्ली खाली वाकून मुलांच्या वह्यांचा गठ्ठा उचलला की दोन-तीन सेकंद डोळ्यांसमोर करडं करडं होतं, मग लगेच नीट दिसतं, बहुतेक चष्मा बदलायला झालाय. मी ती ओळ काल रात्री वाचली, आज सकाळी चहा ठेवायच्या आधी परत वाचली. तुमच्या तीन पानांपेक्षा ती ओळ मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी तुम्हाला तिच्यामुळेच पाठवतेय.

त्याचं असं आहे की डोळ्याची नस थेट मेंदूतून येते आणि मेंदूला जी आवरणं असतात तीच तिच्याभोवतीही असतात, आणि मेंदूभोवती जे पाणी फिरतं तेच त्या नसेभोवतीही असतं. त्यामुळे कवटीच्या आत प्रेशर वाढलं की ते नसेपर्यंत पोचतं आणि नसेचं जे टोक डोळ्याच्या आत दिसतं, त्याला डिस्क म्हणतात, ती सुजते. डोक्याला काहीही न लावता, नुसतं डोळ्यात प्रकाश टाकून, आतलं प्रेशर वाढलंय का ते बघता येतं अशी ही एवढीच जागा आहे आपल्या शरीरात. आणि डिस्क सुजलेली असली की वाकल्यावर किंवा झटकन उठल्यावर काही सेकंद अंधारून येणं, करडं होणं हे होतं. अर्धशिशीतही दिसण्याचे प्रकार होतात, चमकत्या वेड्यावाकड्या रेघा वगैरे, पण त्या पाच मिनिटांपासून तासभर राहतात, दोन-तीन सेकंदांत जात नाहीत.

लगेच घाबरू नका. असं करडं होणं बीपी खाली जाण्याने होतं, हिमोग्लोबिन कमी असलं की होतं, आणि आपल्याकडच्या बायकांचं हिमोग्लोबिन काय असतं ते मी वेगळं सांगायला नको. म्हणून बीपी आणि सीबीसी (रक्ताची साधी तपासणी, त्यात हिमोग्लोबिन कळतं) पण करून घ्या. पण डोकेदुखी बदललीये, पहाटेची आहे, वजन वाढलंय आणि वर हे करडं होणं, एवढं सगळं एकत्र आलं की डोळा बघितल्याशिवाय टेन्शन आहे असं कोणी म्हणू नये. तुमच्या मिस्टरांनी पण नाही.

वजनाचं का विचारात घेतलं, तर एक आजार असा आहे की ज्यात गाठबीठ काही नसते पण मेंदूभोवतीच्या पाण्याचं प्रेशर वाढतं. तो जास्त करून मुलं होण्याच्या वयातल्या बायकांना होतो, आणि त्यातही वजन भरभर वाढलेल्यांना. डोकं दुखतं, वाकल्यावर करडं होतं, कधीकधी कानात नाडीच्या ठोक्याबरोबर हूं हूं आवाज येतो (हे तुम्हाला होतंय का आठवून बघा, डॉक्टरांना सांगा). त्यात जीवाला धोका नसतो पण डोळ्याला असतो, वेळेत पकडलं नाही तर नजर कायमची जाऊ शकते. आणि पकडलं तर गोळ्या आणि वजन कमी करणं यावर बहुतेक जणी सावरतात. म्हणजे बघा, तुम्ही रात्रभर ज्या आजाराला घाबरताय तो नसला तरी ही तपासणी लागणारच आहे.

आता गाठीकडे येते. मी न्यूरोसर्जरीच्या वॉर्डात २६ वर्षं काढली, सरकारी हॉस्पिटलात, आणि तिथे दाखल होणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात काहीतरी असतंच, त्यामुळे पहिली काही वर्षं मला पण घरी कोणी डोकं दुखतंय म्हटलं की धस्स व्हायचं. मग हळूहळू कळलं की मी फक्त त्या लोकांना बघतेय ज्यांना निघालं, ज्यांना काही निघालं नाही ते वॉर्डात कशाला येतील. तुमचं मोबाईलवरचं वाचन तसंच आहे ताई. तिथे लिहिणारा प्रत्येक जण ज्याला निघालं तो आहे. डोकं तर सगळ्यांचंच दुखतं, नुसती अर्धशिशीच साधारण सात माणसांत एकाला असते, आणि मेंदूच्या गाठी आपल्या देशात वर्षाला लाखात पाच ते दहा जणांना होतात असं सांगतात. नुसती डोकेदुखी आहे, बाकी तपासणी नॉर्मल आहे, अशा माणसात गाठ निघण्याची शक्यता शंभरात एकाहूनही खूप कमी.

आणि एक गोष्ट जी ऐकून लोक चकित होतात ती म्हणजे मेंदूला स्वतःला दुखतच नाही. त्याला कापलं तरी कळत नाही. काही ऑपरेशनं तर पेशंटला मधे जागं ठेवून करतात, बोलण्याच्या जागेजवळची गाठ असली की सर्जन काढत असतात आणि पेशंट बोलत असतो, बोलणं अडखळलं की ते हात थांबवतात. मी असे एक आजोबा बघितलेत, त्यांना पाढे म्हणायला सांगितले होते, हिरवा कपडा, खाली त्यांचा चेहरा, आणि एकोणतीसचा पाढा चाललाय न चुकता. सतरा पंचे पंच्याऐंशी आधीच होऊन गेलं होतं.

मग दुखतं काय, तर मेंदूची आवरणं आणि मोठ्या रक्तवाहिन्या. गाठ त्यांना ताणते किंवा दाबते तेव्हा दुखतं. नाहीतर मग एकूणच प्रेशर वाढतं तेव्हा. कवटी म्हणजे पक्का बंद डबा आहे, आत मेंदू, रक्त आणि पाणी, तिघांनी जागा वाटून घेतलेली, चौथं कोणी आलं की कोणाला तरी आवळून बसावं लागतं. कुकरला निदान शिट्टी असते. (तान्ह्या बाळाची टाळू भरलेली नसते म्हणून त्याचं डोकं मोठं होत जातं, मोठ्या माणसाचं तसं होत नाही.) म्हणून गाठ मोठी असूनही डोकं दुखत नाही असं होतं, आणि छोटीशी गाठ पाण्याच्या वाटेत बसली तर पाणी तुंबून भयंकर दुखतं. किती दुखतं यावरून गाठ आहे का आणि केवढी आहे हे कळत नाही. तुम्ही लिहिलंय की दहापैकी नऊ दुखतं. अर्धशिशी दहापैकी दहा दुखू शकते आणि तिने काही होत नाही.

पहाटेचं दुखणं म्हणजे ट्यूमर, हे तुम्ही वाचलंत, ते कुठून आलं ते सांगते. आडवं झोपल्यावर डोक्यातलं प्रेशर थोडं वाढतंच, शिवाय झोपेत श्वास संथ होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड जरा साठतो, त्याने मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुलतात. आधीच जागा कमी असलेल्याला तेवढंही पुरतं, मग पहाटे दुखतं, मळमळ नसताना एकदम उलटी होते, आणि उठून तासभर वावरलं की कमी होतं. हे खरंय. पण १९९३ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गाठ असलेल्या १११ पेशंटची डोकेदुखी नीट लिहून काढली होती, तर त्यातल्या निम्म्याहून थोड्या कमी जणांचंच डोकं दुखत होतं, आणि ज्यांचं दुखत होतं त्यातल्या बहुतेकांचं साध्या टेन्शनच्या डोकेदुखीसारखंच होतं, ते पुस्तकातलं पहाटेचं दुखणं थोड्यांनाच होतं. म्हणजे पहाटे दुखतं म्हणून गाठ असंही नाही आणि पहाटे दुखत नाही म्हणून गाठ नाही असंही नाही. पहाटे दुखायला वाढलेलं बीपी पुरतं, घोरणं पुरतं, रात्री दात खाणं पुरतं.

आणि तुमच्या बाबतीत गोळी पुरते. दहाची स्ट्रिप पाच दिवसांत म्हणजे रोज दोन, महिन्याला साठ. ताई, डोकेदुखीच्या गोळ्या जास्त घेतल्या की त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. साधी पॅरासिटामॉल महिन्यातून १५ दिवस किंवा जास्त, आणि दोन-तीन औषधं मिसळलेली, कॅफीनवाली वगैरे गोळी असेल तर १० दिवसच, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की हे होऊ शकतं, आणि ज्यांना मुळात अर्धशिशी आहे त्यांनाच जास्त होतं. रात्रभर गोळी नसते, पहाटे तिचा असर उतरतो, डोकं दुखून जाग येते, तुम्ही गोळी घेता, बरं वाटतं, आणि शरीर समजतं की गोळी घेतल्याशिवाय सकाळ होत नाही. मला वाटतं तुमच्या रोजच्या दुखण्यात ह्याचा वाटा मोठा असणार. पण हा माझा अंदाज आहे आणि पत्र वाचून काढलेला आहे, आणि करड्या होण्याचा हिशोब यात बसत नाही.

गोळ्या उद्यापासून एकदम स्वतःच्या मनाने बंद करू नका. सोडल्या की पहिला एक-दोन आठवडा दुखणं उलट वाढतं, आणि तेवढ्यात तुम्ही घाबरून एमआरआयच्या मशीनपर्यंत जाल. न्यूरोफिजिशियनला, म्हणजे ऑपरेशन नाही तर औषधं देणाऱ्या मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, ते अर्धशिशी येऊच नये म्हणून रोज घ्यायचं वेगळं औषध देतात आणि मग ह्या सोडवतात. तोपर्यंत एक करा, घरात कालनिर्णय असेलच, दुधाचा हिशोब लिहितो तसं त्या चौकोनात रोज लिहा, दुखलं तर टिंब, गोळी घेतली तर फुली, करडं झालं तर गोल, पाळीचा दिवस तर तुम्ही लिहितच असाल. डॉक्टरांकडे जाताना ते पान फाडून न्या, नाहीतर मोबाईलवर फोटो काढून न्या. ओपीडीत पाच मिनिटं मिळतात आणि आपण त्यात "खूप दुखतं हो" एवढंच बोलून येतो, ते पान समोर ठेवलंत तर डॉक्टर पाच मिनिटांत चार महिने बघतात.

आता मी तुम्हाला माझ्या भावाचं सांगते, धाकटा आहे माझ्याहून. त्याचं डोकं दुखत नव्हतं. भाऊबीजेला जेवायला आला होता, ओवाळून झालं, ताट वाढलं. आपलं नेहमीचं ताट, डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाज्या आणि आमटी, मधे भात. माझ्या हातची लसणाची चटणी त्याला लहानपणापासून आवडते, वाढायला उशीर झाला तर ओरडायचा. आणि त्या दिवशी अर्ध्या जेवणात म्हणतो, ताई, चटणी केली नाहीस का गं यंदा? मी म्हटलं, अरे समोर आहे की. तो ताटाकडे बघतोय आणि त्याला दिसत नाहीये. वहिनी म्हणाली, हल्ली ह्यांचं लक्षच नसतं कशात, गाडी पण सारखी डाव्या बाजूने घासून आणतात. मला पोटात कसंतरी झालं. मी वाकून त्याचं ताट हाताने अर्धं फिरवलं, डावीकडचं उजवीकडे आलं, तर हसून म्हणतो, आता वाढलीस होय.

दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला. उजव्या बाजूला, मागे वरती, लिंबाएवढी गाठ. मेंदूच्या उजव्या भागाला डाव्या जगाची काळजी असते, तो दबला की डावीकडचं डोळ्याला दिसत असूनही माणसाच्या लेखी राहत नाही. गाठ मेनिन्जिओमा निघाली, म्हणजे आवरणातून येणारी, साधी, कॅन्सरची नाही, हळूहळू वाढणारी. मेंदूत सुरू होणाऱ्या गाठींमध्ये सगळ्यात जास्त हीच असते आणि बायकांमध्ये तर पुरुषांपेक्षा जास्त. ऑपरेशन झालं, ११ वर्षं झाली, दर ठरलेल्या मुदतीने एमआरआय काढतो, बाकी काही नाही.

हे तुम्हाला घाबरवायला नाही सांगितलं. दुखण्याबरोबर, किंवा दुखणं नसतानाही, माणसात काय बदललंय ते बघायचं असतं आणि ते बऱ्याचदा त्या माणसाला नाही तर घरच्यांना दिसतं, म्हणून सांगितलं. म्हणून हे पत्राचं उत्तर मिस्टरांना पण वाचायला द्या. त्यांना विचारा की हिचं चालणं, बोलणं, स्वभाव, अक्षर, यात काही फरक वाटतो का. फळ्यावरचं अक्षर तिरकं जायला लागलंय का. शब्द आठवत नाहीत का, म्हणजे थकल्यावर सगळ्यांचं होतं तसं नाही, पळी म्हणायची आणि उलथनं म्हणून जायचं असं वारंवार. एका कानाने कमी ऐकू येतं म्हणून फोन नेहमी दुसऱ्याच कानाला लावता का. शांत माणूस चिडका झाला, हौशी माणूस गप्प बसून राहायला लागला, पाळी कारण नसताना बंद झाली आणि बाजूचं दिसेना, नसलेला वास येतोय, हे सगळं डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. आयुष्यात पहिल्यांदा फिट आली तर मग वाटच बघायची नाही.

फिट, हातापायात किंवा चेहऱ्यात एका बाजूला कमजोरी, बोलणं अडकणं, शुद्ध हरपणं, तापाबरोबर मान ताठ होणं, आणि एका मिनिटात टोकाला जाणारी, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी, यातलं काहीही झालं तर डोळ्याचे डॉक्टर, अपॉइंटमेंट, कालनिर्णय सगळं सोडून थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. रात्रीचे दोन असले तरी. त्या वेळी मोबाईल वाचत बसायचं नाही, मोबाईलवरून १०८ लावायचा.

एमआरआय सरळ करून टाकू का म्हणून विचारलंत. मला वाटतं तुम्हाला तो सांगतीलच, डिस्क सुजलेली निघाली तर त्याच दिवशी, आणि नुसता मेंदूचा नाही तर शिरांचा पण सांगतील, कारण मेंदूच्या शिरेत गुठळी झाली तरी प्रेशर वाढतं. डिस्क चांगली निघाली तरी चार महिन्यांत दुखण्याची तऱ्हा बदललीये म्हणून न्यूरोफिजिशियन काढायला सांगू शकतात, आणि सांगितला तर जरूर काढा, डिस्क चांगली म्हणजे गाठ नाहीच असं पण नसतं. माझं म्हणणं एवढंच की स्वतःच्या मनाने सेंटरला जाऊन काढून आणू नका. कारण एमआरआय काढला की कधीकधी नको तेही दिसतं हो. धडधाकट माणसांचे काढले तरी शंभरात दोन-तीन जणांच्या मेंदूत काहीबाही सापडतं, छोटी पाण्याची पिशवी असते, रक्तवाहिनीला फुगवटा असतो. अर्धशिशीवाल्यांच्या मेंदूत तर पांढरे ठिपके पुष्कळदा असतात, त्यांचा बहुतेक वेळा काही अर्थ नसतो, पण रिपोर्टमध्ये लिहून येतात. मग तो कागद हातात घेऊन तुम्ही परत रात्री दोन वाजता मोबाईल उघडणार. आधी तपासून, मग कशासाठी काढतोय ते चिठ्ठीवर लिहून काढलेला एमआरआय आणि मनाने काढलेला, यात फार फरक असतो, रिपोर्ट करणाऱ्यालाही कुठे नीट बघायचं ते कळतं.

आणि गाठ हा शब्द. आपल्याकडे रिपोर्टमध्ये काहीतरी दिसलं की घरात रडारड सुरू होते. आपल्या देशात मेंदूत दिसणाऱ्या कितीतरी गाठी टीबीच्या असतात किंवा टेपवर्मच्या अंड्यांनी झालेल्या असतात, त्या औषधांनी जातात. ते अंड्यांचं शाकाहारी माणसालाही होतं बरं का, न धुतलेल्या भाजीतून, अस्वच्छ हातांतून. मी वॉर्डात अशा मुली बघितल्यात की ज्यांचं लग्न मोडायची वेळ आली होती डोक्यात गाठ आहे म्हणून, आणि सहा महिन्यांनी स्कॅनमध्ये ती गाठ सुकून ठिपका राहिला होता.

मशीनची भीती वाटत असेल तर सांगते, वीस मिनिटं ते अर्धा-पाऊण तास, आडवं पडून राहायचं, ढोल वाजवल्यासारखा खडखडाट असतो, कानात बोळे देतात, हातात घंटा देतात. मंगळसूत्र, जोडवी, पिना, बांगड्या सगळं काढून ठेवायचं, घरीच काढून जा म्हणजे तिथे पर्समध्ये हरवत नाही. आत डोळे मिटूनच जा आणि बाहेर आल्यावरच उघडा, बंद जागेची भीती वाटणाऱ्या पेशंटना मी कायम हेच सांगायचे. खर्च प्रायव्हेटमध्ये काही हजार येतो, सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात, पुण्यात ससून, मुंबईत केईएम, तिथे कमी पडतो पण नंबर लागायला वेळ जातो, आणि डिस्क सुजलेली असेल तर नंबराची वाट बघायची नाही, तिथल्या डॉक्टरांना अर्जंट लिहून द्यायला सांगायचं. तुम्ही शिक्षिका आहात, वैद्यकीय बिलाच्या प्रतिपूर्तीचं तुम्हाला माहीत असेल, सगळी बिलं आणि चिठ्ठ्या एका फाईलीत लावा. बाकी कोणी वाचत असेल तर, ऑपरेशनची वेळ आलीच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता पाच लाखांपर्यंत सोय आहे, योजनेतल्या हॉस्पिटलात दारातच आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन ॲडमिट व्हायच्या आधी त्याला भेटायचं, नंतर नाही.

मामांचं. ताई, मेंदूच्या बहुतेक गाठी घराण्यात उतरत नाहीत. काही थोडे आजार आहेत ज्यात उतरतात, त्यात सहसा एकाच घरात बरेच जण असतात, तरुण वयातच असतात, अंगावर डाग-गाठी वगैरे खुणा असतात. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या घरात मामा एकटेच. मोबाईलचं पण विचारलंत, २०११ मध्ये मोबाईलच्या लहरींना कॅन्सर करू शकणाऱ्या गोष्टींच्या "कदाचित" च्या यादीत टाकलं होतं त्यावरून भीती पसरली, नंतर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या, आधीच्या अभ्यासांच्या मोठ्या आढाव्यात मोबाईलचा आणि मेंदूच्या कॅन्सरचा संबंध काही दिसला नाही. मोबाईल कमी करायचाच असेल तर झोपेसाठी करा, तुम्ही रात्री दोनला जाग्या असता आणि पाचला डोकं दुखून उठता, तीन तासांच्या झोपेवर कोणाचं डोकं दुखणार नाही?

मामांची गाठ कुठली होती ते तुम्ही लिहिलं नाहीत, आठ महिन्यांत गेले म्हणजे वाईट जातीची असणार. त्या गाठीचं माझ्याकडे काही गोड बोलणं नाही, ऑपरेशन, रेडिएशन, केमो सगळं करूनही फार थोडे दिवस मिळतात, मी खूप घरं बघितलीत त्यात. तुम्ही त्यांच्या शेवटच्या महिन्यात रजा काढून जाऊन राहिलात, त्यांना भरवलंत, हे तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात. मला वाटतं तुम्ही अजून रडलाच नाही आहात नीट. ज्याची सेवा केली त्याचं दुखणं आपल्या अंगात शोधणं हे मी कितीतरी लेकी-सुनांमध्ये बघितलंय, ते खोटं नसतं, नाटक नसतं. डोळ्याची तपासणी झाली, सगळं चांगलं निघालं आणि तरीही रात्री झोप लागली नाही तर १४४१६ ला फोन करा, टेलिमानस म्हणून सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. नाहीतर आईला फोन करा आणि मामांबद्दल बोला. त्यांचा सख्खा भाऊ गेलाय, त्याही एकट्याच रडत असतील.

सासूबाईंवर रागवू नका. दृष्ट काढली तर काढू द्या, त्यांची माया आहे ती. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं ते जायचंच.

तिथे गेल्यावर कागदावर डॉक्टर डिस्कबद्दल दोन शब्द लिहितील, दोन्ही डोळ्यांचे वेगवेगळे. त्यांना तिथेच विचारा, सूज आहे की नाही, आणि आहे म्हणाले तर घरी न जाता तसंच पुढे न्यूरोच्या डॉक्टरांकडे जा. नाही म्हणाले तर न्यूरोफिजिशियनची या आठवड्यातली अपॉइंटमेंट घ्या, कालनिर्णयचं पान घेऊन जा. आणि त्या कागदाचा फोटो मला पाठवा, मी वाट बघतेय.